कोरड्या ओढ्याचा रंग

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर पाणी निळं असतं आणि कोरडं पात्र काळं. १:५०,००० प्रमाणाचा माण तालुक्याचा कागद उलगडला की आधी दिसतं ते काळ्या रेघांचं जाळं. महादेव डोंगररांगेच्या सोंडांमधून निघालेल्या, एकमेकींना मिळत खाली उतरलेल्या आणि शेवटी माणगंगेत शिरलेल्या कितीतरी बारीक रेघा. त्यांच्या आजूबाजूने वीस-वीस मीटरच्या चढाने जाणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा, मधूनच एखाद्या तलावाचा निळा तुकडा. १७६७ साली सुरू झालेल्या या खात्याने रंगांचे जे नियम बसवले, त्यांतला हा नियम मला फार मोलाचा वाटतो. ज्या पात्रात वर्षातला बहुतेक काळ वाळू आणि बाभळीच असतात त्याला निळा रंग लावायचा नाही, असं कुणीतरी ठरवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या सर्वेक्षकांनी ते पाळलं.

आता तोच मुलूख फोनवर उघडा. सातारा–पंढरपूर रस्ता ठळक दिसतो. पेट्रोलपंप दिसतात, धाबे दिसतात, एटीएम दिसतात. बाकी जमीन फिकट राखी. ओढे दिसलेच तर तेही फिकट निळे, आणि बाराही महिने निळे. हा नकाशा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. तो गाडीतून जाणाऱ्यासाठी काढलेला आहे आणि त्या माणसाला जे लागतं ते त्यात चोख आहे. पण म्हसवड-दहिवडीकडे जो राहतो, ज्याची चार एकर जमीन एखाद्या नाल्याच्या काठावर आहे, त्याला रस्ता पाठ असतो. त्याला बघायचं असतं की वरच्या अंगाला पडलेलं पाणी कुठून वळतं, कुठे अडतं, कुणाच्या शिवारात मुरतं. मी पुण्यात राहून नकाशे करण्याचं काम करतो आणि आमचं गाव माण तालुक्यात आहे. गेली काही वर्षं सवड मिळेल तसा मी या दुसऱ्या माणसासाठी नकाशा रंगवतो आहे.

कागदाच्या नकाशात माहिती आणि तिचं रूप एकदमच छापलं जातं. नंतर ती वेगळी काढता येत नाहीत. संगणकात ती मुळातच वेगळी राहतात. आमच्या गावाखालचा ओढा ओपनस्ट्रीटमॅपच्या साठ्यात असतो तो असा: एकापुढे एक रेखांश-अक्षांशांच्या जोड्या, आणि त्यांना जोडलेल्या दोन नोंदी. एक नोंद सांगते की हा ओढा आहे. दुसरी सांगते की तो बारमाही नाही. त्यात रंग नसतो, जाडी नसते, नाव कोणत्या अक्षरात लिहायचं तेही नसतं. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पात जगभरच्या लोकांनी आपल्या हातांनी भरलेली अशी माहिती आहे. श्रेय द्या आणि त्यात काही भर घालून पुढे दिलीत तर तीही खुली ठेवा, एवढ्या अटीवर ती कुणालाही मिळते.

माहिती रूपापासून सुटी झाली की ती किती नाजूक होते, हेही या कामात कळतं. जिओजेसन नावाच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या मांडणीत रेखांश आधी लिहायचा असतो आणि अक्षांश नंतर. लीफलेट या लोकप्रिय साधनाला मात्र अक्षांश आधी लागतो. या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की दहिवडी उचलली जाते ती थेट नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकमधल्या बेअर आयलंडच्या जवळ, समुद्रात जाऊन पडते. आकडे तेच, क्रम तेवढा उलटा. म्हणून माहिती चढवल्यावर पहिलं काम रंग देण्याचं नसतं. आपलं गाव आपल्या जागेवर आहे ना, हे बघण्याचं असतं.

मग येते स्टाइलची फाइल. ती म्हणजे थरांची यादी. तळाला जमीन, तिच्यावर डोंगरांची सावली, मग शेतं आणि माळ, मग पाणी, मग रस्ते, सगळ्यांत वर नावं. प्रत्येक थरापुढे लिहायचं: कुठली माहिती घ्यायची, किती जवळ गेल्यावर दाखवायची, कुठल्या रंगात, किती जाड, किती पारदर्शक. पूर्वी हे एवढं मोकळं नव्हतं. जाळ्यावरचा नकाशा २५६ बाय २५६ पिक्सेलच्या तयार चित्रांचा बनलेला असे. अख्खी पृथ्वी एका चित्रात मावते ती शून्य पातळी. पुढच्या प्रत्येक पातळीला चित्रं चौपट होतात आणि अठराव्या पातळीला त्यांची संख्या ६,८७१ कोटींच्या वर जाते. एका ओढ्याचा रंग बदलायचा तर त्या भागातली सगळी चित्रं पुन्हा काढायची. आता फोनकडे चित्र पाठवलं जात नाही, रेषा आणि नोंदी पाठवल्या जातात, आणि चित्र तिथल्या तिथे फोन काढतो. म्हणून रंग बोटासरशी बदलू शकतो. हे करणारं एक चांगलं साधन २०२०च्या डिसेंबरात त्याच्या कंपनीने खुल्या परवान्यातून काढून घेतलं, तेव्हा आधीची खुली आवृत्ती हातात धरून काही जणांनी मॅपलिब्र उभं केलं. माझं सगळं काम त्याच्यावर चालतं. अशा अनोळखी माणसांचे उपकार मी मनापासून मानतो.

एका रात्री मी रस्त्यांचे सगळे थर बंद केले. गावांची नावं, हद्दी, इमारती, सगळं बंद. फक्त पाण्याच्या वाटा ठेवल्या आणि त्या गडद केल्या. पडद्यावर जे उरलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी ते माझ्या ओळखीचं होतं. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला रेषांचे दोन वेगळे पसारे दिसत होते आणि त्यांच्या मधून एक रिकामा, वळणावळणांचा पट्टा जात होता. तो कुणी काढलेला नव्हता. तिथे ओढेच नव्हते, कारण तो माथा होता. त्याच्या एका अंगाचं पाणी येरळेत जातं आणि येरळेतून कृष्णेत; दुसऱ्या अंगाचं माणगंगेत, आणि सरकोलीजवळ भीमेत. एका बांधाच्या दोन बाजूंना पडलेले पावसाचे थेंब असे फारकत घेतात ते थेट कर्नाटकात, रायचूरच्या अलीकडे भीमा कृष्णेला मिळते तिथे एकत्र येतात. लहानपणी या माथ्यावरून एसटीने मी किती वेळा गेलो असेन. घाट लागला की उलटी होऊ नये म्हणून खिडकीजवळ बसायचो, एवढीच त्या जागेची माझी ओळख. रस्ता पुसल्यावर ती जागा दिसली.

तो नकाशा फोनवर घेऊन मी गावी गेलो आणि धाकट्या चुलत्यांना दाखवला. तात्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, बोटाने सरकवला. आपलं शिवार सापडलं तसे थांबले.

“ह्यो वढा निळा का दावलायस रं? पानी कुठं हाय त्यात?”

मी म्हटलं, पावसाळ्यात असतं ना, तात्या.

“मिरगाचं काय खरं न्हाई हितं. उतरा-हस्ताचा झाला तर वाहतो दिवाळीपातूर. न्हाई झाला तर न्हाई.” मग थोड्या वेळाने, “आन्‌ वरचा बांध कुठं हाय? पाझर तलाव कुठं हाय? त्येच्यावरच तर समदं हाय.”

तात्यांनी दोन वाक्यांत जे सांगितलं ते हवामानाच्या आकड्यांतही आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात जून-जुलै बहुधा कोरडेच जातात आणि खरा पाऊस येतो तो सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. पण आकडा माहीत असणं आणि तो नकाशाच्या रूपात उतरणं यांत अंतर आहे. मी ओढ्यांना एकच रंग दिला होता, म्हणजे वर्षाला एकच ऋतू दिला होता.

नकाशाखाली सरकपट्टी ठेवायची आणि ती सरकवली की काळ बदलायचा, ही युक्ती नवी नाही. सगळीकडे तिच्यावर महिने असतात. मी महिने काढून टाकले आणि नक्षत्रं घातली. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो, म्हणजे महिन्यापेक्षा हे माप बारीक आहे, आणि गावातल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला “तुमच्या नाल्याचं पाणी कुठल्या नक्षत्रापर्यंत टिकतं?” असं विचारलं की उत्तर तयार असतं. “सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काय असतं?” असं विचारलं तर तो विचारात पडतो. त्या उत्तरांतून प्रत्येक ओढ्याला दोन नोंदी मिळाल्या: चांगल्या सालात कधीपासून कधीपर्यंत, आणि वाईट सालात कधीपासून कधीपर्यंत. उपग्रहाच्या चित्रात ही माहिती नव्हती. झाडाखाली पाच-सहा मीटर रुंदीचा ओढा वाहतो की नाही हे तिथून कळणं कठीणच. ही माहिती माणसांकडे होती. फक्त नकाशात तिच्यासाठी जागा ठेवावी लागली.

आता पट्टी मृगावर असते तेव्हा सगळं जाळं कोरडं दिसतं. मघापर्यंत सरकवा, फार फरक पडत नाही. उत्तरा नक्षत्रात वरच्या अंगाच्या काही रेषा निळ्या होतात, हस्तात माणगंगा भरते, आणि स्वातीनंतर निळा रंग खालच्या टोकाकडून नाही तर वरून, डोंगराकडून पुसत येतो. जिथे बांध आणि पाझर तलाव आहेत त्यांच्या खालच्या अंगाला तो जास्त दिवस टिकतो. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आणि माती वाहून लोकांनी जी कामं केली, त्यांतली काही अजून पाणी धरून आहेत. त्या कामांचं यश सांगायला मला एक अक्षर लिहावं लागलं नाही.

कोरड्याचा रंग कोणता, हा प्रश्न मात्र सुटायला वेळ लागला. टोपोशीटचा काळा घेऊन बघितला. कागदावर तो शोभतो, पण फोनच्या उजळ पडद्यावर काळी बारीक रेघ हद्दीसारखी किंवा रुळासारखी वाटते. वाळूचा फिका पिवळट रंग खरा होता. घरात, रात्री, दिव्याखाली फारच सुंदर दिसत होता. एप्रिलच्या दुपारी बांधावर उभं राहून बघितलं तेव्हा तो पडद्यावर उरलाच नाही. नकाशाचे रंग ठरवणाऱ्याने उन्हात जाऊन ते ठरवावेत असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं. ज्याच्यासाठी तो आहे तो माणूस सावलीत बसून तो बघणार नसतो. शेवटी गडद, लालसर तपकिरी रंग धरला. तुटक रेघ ठेवायची होती, कारण तुटक रेघ “कधी आहे, कधी नाही” हे न सांगता सांगते. पण दुरून बघताना तुटक रेघांचा नुसता भुगा होतो. म्हणून तेराव्या पातळीपर्यंत सलग आणि त्यापुढे तुटक.

जाडीचंही तसंच. चौदाव्या पातळीवर आपल्या अक्षांशाला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर साधारण नऊ मीटर. दोन पिक्सेलची रेघ ओढली की पाच मीटरचा ओढा अठरा मीटरचा होतो. खऱ्या मापाने काढला तर तो दिसणारच नाही. कुठलाही नकाशा दाखवण्यासाठी फुगवतोच. प्रश्न एवढाच की काय फुगवायचं. रस्त्यांना ही सवलत कायम मिळत आली आहे. मी ती ओढ्यांना दिली आणि रस्ते खऱ्या मापाजवळ ठेवले, तर गावातला एक जण म्हणाला, “आता कळलं आपण किती पाण्याच्या वाटा बुजवून रस्ते केलेत.” ते त्याने आपणहून पाहिलं.

सौंदर्याचा मोह या कामात मोठा असतो आणि तो वाईट आहे असं मी मानत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टेमेन डिझाइनने २०१२ साली जलरंगांचा नकाशा केला, संगणकाने रंगवलेला, तरी कागदावर रंग पसरून कडांना साचावा तसा. न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट या डिझाइन संग्रहालयाने २०२१ साली तो आपल्या संग्रहात घेतला, आणि ते योग्यच झालं. मी त्यावर तासन्‌तास गावं बघितली आहेत. लंडन, व्हेनिस, कोलकाता त्यात अप्रतिम दिसतात. माणदेश बघितला तेव्हा मला वाईट वाटलं. सगळं ओलं दिसत होतं. जिथे टँकर येतो की नाही यावर दिवस मोजले गेले, तो मुलूख ओल्या कुंचल्याने रंगवलेला होता. रंगाच्या पद्धतीतच पाणी होतं. त्या पद्धतीला कोरडं काढताच येत नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की शैली कितीही मोठ्या माणसाची असो, जमिनीला विचारून घ्यावी लागते.

पावसाचा थर हा या सगळ्यात अवघड. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत दहिवडी येते आणि तिथे तो पाचशेच्या आसपास असतो. शून्य ते सहा हजार अशी सरळ पायऱ्यांची रंगपट्टी केली तर महाबळेश्वर गडद, त्याच्या आजूबाजूचं थोडं मध्यम, आणि उरलेला पूर्वेचा सगळा जिल्हा एकाच फिक्या रंगाचा. म्हणजे माण, खटाव, फलटण यांच्यात काही फरकच नाही. पण चारशे आणि सहाशे यांच्यामध्ये बाजरी येणं आणि करपणं यांचा फरक आहे. पाच हजार आणि पाच हजार दोनशे यांच्यामध्ये तसलं काहीच नाही. आकडा सारखाच दोनशेचा, पण त्याचं वजन जागेप्रमाणे बदलतं. जनगणनेचे नकाशे करणाऱ्यांनाही हेच भेटतं: २०११ साली मुंबई उपनगरात दर चौरस किलोमीटरला वीस हजारांवर माणसं होती आणि गडचिरोलीत ७४, सरळ पायऱ्या लावल्या की मुंबई सोडून सारा महाराष्ट्र एकसारखा ओसाड दिसतो.

म्हणून मी पायऱ्या खालच्या टोकाला दाट केल्या. तीनशे, चारशे, पाचशे, सहाशे, आठशे, मग बाराशे, मग अडीच हजार, आणि त्यापुढचं सगळं एकत्र. हा पक्षपात आहे आणि तो मी उघडपणे रंगसूचीत लिहिला आहे. रंग निवडताना पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या सिंथिया ब्रूअर यांच्या कलरब्रूअरचा आधार घेतला. कुठल्या रंगांच्या पायऱ्या डोळ्याला क्रमाने लागतात, कुठल्या लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यालाही कळतात, हे त्यांनी पारखून ठेवलं आहे. त्यात एक गोष्ट माझ्या मनाची होती. कमी पावसाला लाल द्यायचा नाही. लाल म्हटलं की चूक, धोका, नापास. कमी पाऊस पडणाऱ्या गावाने काही केलेलं नसतं. मी मातीच्या रंगापासून सुरुवात केली आणि ती हळूहळू हिरव्या-निळ्याकडे नेली.

डोंगरांची सावली काढायची तर जमिनीची उंची लागते. ती २००० साली फेब्रुवारीत एन्डेव्हर अंतराळयानाने रडारने मोजलेली आहे आणि साधारण तीस मीटरच्या अंतराने खुली मिळते. तिच्यावर प्रकाश कुठून पाडायचा, याचं उत्तर नकाशांच्या परंपरेत ठरलेलं आहे: वायव्येकडून, पंचेचाळीस अंशांवर. एडुआर्ड इम्होफ यांच्या स्विस नकाशांत या पद्धतीचं सर्वांत देखणं रूप दिसतं. आपल्याकडे वायव्येकडून पंचेचाळीस अंशांवर ऊन कधीच पडत नाही. तरी प्रकाश दक्षिणेकडून टाकला की डोंगर खड्ड्यांसारखे दिसायला लागतात. डोळ्याला उजेड वरून, डावीकडून यायची सवय आहे. इथे मी परंपरेपुढे वाकलो. माणदेशचे डोंगर उंच नाहीत, त्यांना थोडी जास्त सावली देऊन उठाव आणावा लागला, तेवढंच.

आणि मग नावं. इथे मला खरा राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. मॅपलिब्र नावं लिहितं ते प्रत्येक अक्षराचा ठसा वेगळा उचलून ओळीने मांडत. रोमन लिपीला ते चालतं. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर असली तरी लिहिताना आधी येते, जोडाक्षरात पहिलं अक्षर अर्धं होतं, रकार वर चढतो किंवा खाली उतरतो. ही जुळणी करणारी हार्फबझसारखी तयार, खुली साधनं आहेत; आपला साधा ब्राउझर ती बिनचूक वापरतो. पण नकाशाच्या आत, वेगासाठी अक्षरं थेट चित्रफळीवर ठेवताना, ती जुळणी गाळली गेली. दहिवडीतली वेलांटी ह नंतर सुटी पडलेली, म्हसवडचा म पायमोडका, किल्ला तर वाचताच येऊ नये असा. अरबी लिपीसाठी जोडपुरवणी पूर्वीपासून आहे. कोट्यवधी माणसं ज्या लिप्या वाचतात त्या भारतीय लिप्यांसाठी अनेक वर्षं तसं काही नव्हतं. अलीकडे काही कार्यकर्त्यांनी हे काम हातात घेतलं आहे आणि माझं त्याच्याकडे लक्ष लागलेलं आहे. तोवर मी प्रत्येक नाव ब्राउझरकडून नीट लिहवून घेतो, त्याचं छोटं चित्र करतो आणि ते चित्र नावाच्या जागी ठेवतो. फोनला ते जड पडतं. पण स्वतःच्या गावाचं नाव मोडकं वाचायला लावण्यापेक्षा नकाशा क्षणभर उशिरा उघडलेला बरा.

नावांना जागा देण्याचा एक वेगळाच पेच असतो. दोन नावं एकमेकांवर आली की साधन एकाला गाळतं, आणि कुणाला गाळायचं ते आपण ठरवून द्यायचं असतं. नेहमीच्या नकाशात शहर पहिलं, मग मोठं गाव, मग लहान गाव. वाड्या-वस्त्या पार जवळ गेल्यावर, उरली जागा तर. जुन्या लग्नाच्या पंगतीत मानकऱ्यांना आधी पाट मांडत, तशी ही उतरंड. मी तिच्यात एक नियम घुसवला: ज्या वस्तीच्या वरच्या अंगाला पाणलोट सुरू होतो तिचं नाव आधी. त्यामुळे या नकाशात दहिवडीच्या आधी डोंगराकडेच्या काही वस्त्या दिसतात. पहिल्यांदा बघणारा गोंधळतो. त्या वस्तीतला माणूस गोंधळत नाही. तो फोन शेजाऱ्याला दाखवतो.

पाणी उतारानेच जातं हे मी इथवर धरून चाललो होतो, पण आता या मुलखात चढणारं पाणीही आहे. टेंभू योजनेत कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी, पुढे सांगोल्यापर्यंत नेतात. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी माथा ओलांडून भीमेच्या खोऱ्यात. नकाशावर याला ओढ्याचा निळा द्यायचा का? मी दिला नाही. त्याला जांभळट निळा दिला आणि रेषेवर चढाची दिशा दाखवणारे बाण. तो रंग पट्टीवरच्या नक्षत्रांनी बदलत नाही, कारण हे पाणी आभाळाकडे बघून येत नाही. आवर्तन सुटतं तेव्हा येतं. दोन्ही निळे शेजारी आले की काही शेतकरी त्या रेषांवर बोट ठेवून तास-तासभर बोलतात. कुणाला पाणी पोचलं, कुणाच्या शिवारापासून फाटा किती लांब राहिला, कुठला टप्पा रखडला. नकाशा त्या बोलण्यात काही सांगत नाही. तो मध्ये ठेवलेला असतो.

एक थर आहे जो मी तयार केला आणि जसाच्या तसा कधीच उघडला नाही. विहिरी आणि बोअर. लोकांनी विश्वासाने सांगितलेली खोली, काही परसांत, काही फुटांत. कुणाला किती खाली पाणी लागलं, कुणाचं आटलं, कुणी त्याच्या शेजारीच पुन्हा किती खोल घेतलं. प्रत्येक विहिरीला एक वर्तुळ, खोलीप्रमाणे रंग. थर लावला त्या क्षणी तो फार बोलका होता. आणि लगेच दिसलं की हा नकाशा कुणाच्या हाती काय देईल. खोल पाणी लागलेल्या जागेच्या शेजारी बोअरची गाडी उभी राहील. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई केली आहे. ज्याने उन्हाळ्यात बागेसाठी कर्ज काढून त्याखाली भोक पाडलं, त्याने मला ते घरचा माणूस म्हणून सांगितलं होतं. बेसाल्टच्या या खडकात पाणी भेगांमधून फिरतं, एकाचा उपसा चौघांच्या विहिरीत उतरतो, म्हणून ही माहिती सगळ्यांपुढे यायला हवी हेही खरं आहे. मी दोन्ही बाजू बराच काळ मनात घोळवल्या. तात्यांशीही बोललो. ते म्हणाले, “गावाचं सांग. घराचं नगं सांगू.”

त्याप्रमाणे केलं. प्रत्येक छोट्या पाणलोटातल्या विहिरी एकत्र करून त्यांचं एकच वर्तुळ ठेवलं, आणि ज्या पाणलोटात विहिरी अगदीच थोड्या आहेत तो शेजारच्यात मिळवला, म्हणजे आकड्यावरून कुणी ओळखू येणार नाही. सुट्या नोंदी नकाशाच्या फाइलीत जातच नाहीत. माझ्या संगणकावर बेरीज होते आणि बेरीजच बाहेर पडते. कितीही जवळ गेलं तरी ते वर्तुळ फुटत नाही. त्यावर बोट ठेवलं की हस्तात त्या पाणलोटातल्या विहिरींना सरासरी किती परस पाणी होतं आणि मार्चअखेर किती उरलं, हे दोन आकडे उघडतात.